खोकल्याची जागा

लिफ्टवाल्यांचा खोकला साऱ्या इमारतीत प्रसिद्ध होता. तो आजाराचा खोकला नव्हता, मताचा होता. कुणी खिळा वाकडा ठोकत असेल, कुणी किल्ली उलटी घालत असेल, तर लिफ्टवाले तोंडाने काही बोलायचे नाहीत. घशातल्या घशात एकदा खाकरायचे, की समोरचा माणूस हातातलं काम थांबवून आपलं काय चुकलं ते बघायला लागायचा. तळमजल्यावरचा न्हावी शपथेवर सांगायचा, की वरून तो खोकला ऐकू आला की माझा वस्तरा आपोआप गिऱ्हाइकाच्या गालावरून उचलला जातो. न्हाव्याच्या शपथेला किती किंमत द्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं. पण त्याच्या गिऱ्हाइकांच्या गालावर कधी ओरखडा दिसला नाही, हेही तितकंच खरं.

गंमत अशी, की आपण खोकतो याचा लिफ्टवाल्यांना स्वतःला पत्ताच नव्हता.

"मी कुठे खोकलो?" ते विचारायचे, आणि विचारताना खोकायचे.

उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, म्हणून लिफ्टवाले. त्यांची बायको घरी बसून पडदे आणि शाळेचे गणवेश शिवायची, म्हणून ती शिवणबाई. दोघांचा संसार एका मोठ्या खोलीत मावला होता: खिडकीशी बाईंचं मशीन, समोरच्या भिंतीशी लिफ्टवाल्यांचं टेबल, आणि मध्ये कापडांचे ढीग. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांच्या तोंडून सगळं ऐकलं होतं, फक्त "माझं चुकलं" एवढं ऐकायचं राहिलं होतं. चुकायचे दुसरे. हे खोकायचे.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासाठी आत सूचनांची एक छोटी पाटी लावलेली असते. कंपनीत असताना ती पाटी लिफ्टवाले लिहायचे. घाबरलेल्या माणसाला लांब वाक्य दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवत होतेच. तेवढ्यात त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका जुन्या सोबत्याला अर्धांगवायू झाला आणि त्याची वाचा गेली. कुणीतरी सांगितलं, की 'बोलपाटी' नावाचा एक प्रोग्राम आहे. आपण टाईप करायचं आणि कॉम्प्युटरने बोलायचं. तो फुकट मिळतो, कुणीही घ्यावा, आणि आतली यंत्रं उघडून बघावी, हवी तर बदलावी. जगाच्या पाठीवर कुठेकुठे बसलेल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी रिकाम्या वेळात तो तयार केला होता. सगळं होतं. तो चालवायचा कसा, एवढं मात्र कुणी नीट लिहिलेलं नव्हतं. ज्यांनी केला त्यांना ते लिहिताच येत नव्हतं, कारण त्यांना ते माहीत होतं.

लिफ्टवाले महिनाभर त्या प्रोग्रामशी झुंजले. शेवटी सोबती एकदाचा बोलता झाला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "इतका वेळ का लावलास रे, गाढवा?"

"बरोबर आहे त्याचं," घरी येऊन लिफ्टवाले म्हणाले, आणि त्याच आठवड्यात मॅन्युअल लिहिणाऱ्या मंडळींत जाऊन बसले. मंडळी म्हणजे इकडे एक, तिकडे दोन, अशी कॉम्प्युटरवर जमणारी. कुणाला एक छदाम मिळत नव्हता.

शिवणबाईंना हे काही पटायचं नाही. "फुकट लिहायचं, फुकट वाटायचं, आणि कुणाला वाटलं तेही माहीत नाही. मी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तुम्ही न बघितलेल्या माणसाच्या अंगावर बेतताय."

"अगं, म्हणून तर कोरा माणूस लागतो. तेच आमचं माप."

कोरा माणूस हा त्या मंडळींचा मोठा रिवाज होता. पान लिहून झालं म्हणजे झालं असं नाही. ज्याने ते काम कधी केलेलं नाही अशा माणसाला ते पान द्यायचं. त्याने मोठ्याने वाचायचं आणि लिहिलंय तेवढंच करायचं. लिहिणाऱ्याने ऐकत बसायचं, पण तोंडातून अक्षर काढायचं नाही. आणि हातांचा भरवसा नाही म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचं. कोरा अडकला, तर चूक पानाची. आणि कोरा माणूस एका पानाला एकदाच वापरता येतो. एकदा वाचलं की तो कोरा राहत नाही. त्यामुळे मंडळींना सगळ्यात जास्त टंचाई असायची ती कोऱ्या माणसांची. लिफ्टवाल्यांनी न्हाव्याला वापरून संपवलं, पोस्टमनला संपवलं, एकदा तर वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला बसवून घेतलं, आणि तो बिचारा मीटर न बघताच निघून गेला.

"तू बस ना एकदा," ते बायकोला म्हणायचे.

"मला नाही जमायचं ते टकटक."

"बरं, राहू दे. राखून ठेवतो तुला."

"मी काय पाहुण्यांची चादर आहे, राखून ठेवायला?"

"घरातली सगळ्यात कोरी तू. तुला अशी कुठल्याही पानावर खर्च करायची नाही मला."

लिफ्टवाल्यांचं प्रत्येक पान पहिल्या खेपेलाच पास व्हायचं. बाकीच्यांची तीनतीनदा परत यायची. मंडळींत त्यांचं नाव झालं.

मंडळींची बैठक शनिवारी संध्याकाळी भरायची, आणि ती चालवायची एक बाई. कोरा माणूस कुठे थबकला, कुठे अडखळला, ते ती टिपून घ्यायची. आवाज भरदार, हसणं त्याहून भरदार. लिफ्टवाले तिच्याशी बोलताना खुर्चीत ताठ बसायचे, आणि आपण कधी ताठ बसतो याची बायकोला नोंद असते, हे त्यांच्या गावीही नसायचं. शिवणबाई तिला शनिवारवाली म्हणायच्या. शनिवारी संध्याकाळी खिडकीतलं मशीन जरा जास्तच जोरात चालायचं. त्या खडखडाटात बैठकीतला एक शब्द बाईंच्या कानावर पडायचा नाही. पडू नये म्हणूनच तो खडखडाट होता.

आणि मग आठवड्यातल्या एका दुपारी, लिफ्टवाले बाहेर गेलेले असताना, शनिवारवालीचा फोन आला.

"वहिनी का?"

"कुणाची वहिनी?"

"लिफ्टवाल्यांच्या घरून बोलताय ना? मी त्यांच्याबरोबर पानं करते."

"शनिवारी करता. आज शनिवार नाही." बाईंनी सुई पिनकुशनमध्ये जरा जोरातच खुपसली.

पलीकडे हसू आलं नाही. "वहिनी, रागवा हवं तर, पण ऐकून घ्या. मला दिसत नाही. जन्मापासून नाही. माझं सगळं कानावर चालतं. मी इतकी वर्षं यांना दर शनिवारी ऐकतेय. यांचा खोकला बदललाय."

"ते पहिल्यापासून खोकतात."

"पहिल्यापासूनचा मला माहीत आहे. तो वरवरचा, घशातला, आणि त्याला काहीतरी कारण असायचं. हा खालून येतो. आणि याला कारण नाही. कुठेही येतो. त्याच्यामागोमाग आवाजाला चिरा पडतात. त्यांना सांगून बघितलं, ते म्हणाले, मी कुठे खोकलो? म्हणून तुम्हाला फोन केला. डॉक्टरकडे न्या त्यांना."

ज्या बाईच्या रागापायी दर शनिवारी मशीन दामटलं, तिनं त्या मशीनच्या आवाजातून हे ऐकलं होतं. आपण त्याच खोलीत होतो.

"नेते," त्या म्हणाल्या. मग खुपसलेली सुई बाहेर काढत, "मी बघितलंच नाही हो."

"रोजच्या माणसाचं असंच असतं, वहिनी. तोच खोकला ऐकून ऐकून तुमचा कान सरावलेला."

डॉक्टर वयाने लहान होते आणि गोडगोड बोलत नव्हते, ते एक बरं होतं. त्यांनी नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि मग दोघांना समोर बसवून सांगितलं. स्वरयंत्रात गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास पुढे गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायचा. माणूस वाचेल. आवाज जाईल.

लिफ्टवाले एवढंच म्हणाले, "कधी?"

खाली येताना लिफ्ट होती. दोघं आत उभे राहिले. लिफ्टवाल्यांनी सवयीने भिंतीवरची सूचनांची पाटी वाचली. त्यांना ती आवडली नाही, हे त्यांच्या भुवयांवरून बाईंना कळलं. पण ते खोकले नाहीत. बाईंना तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

घरी आल्यावर लिफ्टवाल्यांना काम सापडलं. बोलपाटीत एक नवी सोय होत होती. वाचा जाण्याआधी माणसाने आपल्या आवाजात पुष्कळ वाक्यं वाचून ठेवायची. त्यातून मंडळींपैकी जाणकार त्याचा आवाज घडवायचे, आणि पुढे यंत्र त्याच आवाजात बोलायचं. सोय होती, पान नव्हतं. लिफ्टवाल्यांनी ते पान अंगावर घेतलं.

"आधी वाक्यं वाचा," बाई म्हणाल्या. "पान मागून लिहा."

"दोन्ही बरोबर. मी जे जे करतोय तेच लिहायचंय ना."

घुमणारा आवाज चालत नाही म्हणून बाईंनी जाड पडद्याच्या कापडाचा एक तंबू शिवला आणि टेबलावर उभा केला. लोक म्हणतात, तो तंबू इतका घट्ट होता की आत घड्याळाचीसुद्धा टिकटिक पोहोचायची नाही, आणि लिफ्टवाल्यांना जेवायला बोलवायला त्यांचं बोट ओढावं लागायचं. ते काही असो. एवढं खरं, की त्या दिवसांत बाईंनी मशीनला हात लावला नाही. गणवेशवाले येऊन कुरकुर करून गेले. बाई तंबूच्या बाहेर स्टुलावर बसून ऐकत राहायच्या. वाक्यं सगळी एकमेकांशी संबंध नसलेली.

"गच्चीवर निळी बादली ठेवली आहे. उद्या तू कोणत्या गाडीने येणार? तू आलीस, बरं वाटलं."

"मी कुठे गेले होते?" बाई बाहेरून म्हणाल्या.

तंबू हलला. "अगं, वाक्य आहे ते. लिहिलेलं. आता पुन्हा वाचावं लागणार."

"मग वाचा की पुन्हा. मला काही घाई नाही."

ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. ते कशासाठी, हे बाईंनी विचारलं नाही.

वाक्यं पुरी झाली, आणि पानही. फक्त कोरा माणूस राहिला होता. "हे तुझं पान," लिफ्टवाले म्हणाले. "याच्यासाठी राखली होती तुला. आवाज घडून आला की बसू." पण आवाज घडून यायच्या आत एका सकाळी त्यांचा श्वास अडकायला लागला, आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्यात व्हायचं ते त्याच दिवशी झालं. आत नेताना ते बायकोकडे बघून काहीतरी बोलले. चाकांच्या आवाजात बाईंना ते ऐकू गेलं नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांना तेच टोचत राहिलं, की शेवटचं जे होतं ते आपण हरवलं.

ऑपरेशन चांगलं झालं. लिफ्टवाले वॉर्डात आले, उठून बसायला लागले. गळ्यावर एक छोटी नळी, नळीतून श्वास. खोकला यायचा तोही तिथूनच, नुसती हवा, सायकलच्या पंपासारखी फस्स फस्स. दिवसभर तेच चालायचं. त्यात पूर्वीचं मत नव्हतं, काही नव्हतं. पुसता येणारी एक पाटी दिली होती, पण लिफ्टवाल्यांचं अक्षर लिफ्टसारखंच खालीवर जायचं. बाईंना त्यातलं अर्धं लागायचं नाही, आणि लागलं नाही हे त्या कबूल करायच्या नाहीत. त्यामुळे त्यांनी पाणी मागितलं की उशी यायची.

लॅपटॉपवर बोलपाटी होतीच, आणि तिच्यात एक तयार आवाज होता, बातम्या सांगणाऱ्या माणसासारखा. लिफ्टवाल्यांनी टाईप केलं आणि तो आवाज म्हणाला, "अगं, जरा पडदा ओढ."

बाईंनी लॅपटॉप मिटला. "परक्या पुरुषाने मला अगं म्हणायचं नाही."

शेजारच्या खाटेवर पाय टांगून पडलेले एक बसड्रायव्हर होते. ते हसले आणि मग बाईंचं तोंड बघून कुशीवर वळायला लागले, पण टांगलेल्या पायाने त्यांना वळता येईना.

मग एका दुपारी शनिवारवालीचा निरोप आला. आवाज तयार आहे, फाईल पाठवली आहे.

बाई उठून उभ्या राहिल्या. लिफ्टवाल्यांनी लॅपटॉप उघडला, फाईल उतरवून घेतली, पान काढलं, आणि सगळं उचलून बायकोच्या मांडीवर ठेवलं. पाटीवर लिहिलं. या खेपेला अक्षर जाणूनबुजून सरळ काढलं होतं: तू कर. पानात आहे तेवढंच. मी गप्प.

"गप्प नाही तर काय करणार आहात?" बाई म्हणाल्या, आणि बोलल्याबरोबर त्यांनी जीभ चावली. पण लिफ्टवाले हसत होते. त्यांचे खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. हसण्याचा आवाजही गेला, हे बाईंच्या आत्ता लक्षात आलं.

"तुम्हाला दोन मिनिटांत जमेल. मलाच कशाला छळता? मला तुमचा आवाज ऐकायचाय, परीक्षा नाही द्यायची."

लिफ्टवाल्यांनी पाटी पुसली. लिहिलं: ऑपरेशननंतर माणसाला उठता नाही आलं तर? घरचंच कुणीतरी करणार. तुझ्यासारखं. आणि दोन्ही हात मांड्यांखाली सरकवून बसले.

बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वॉर्ड ऐकायला लागला. सिस्टर ट्रॉली घेऊन चालली होती, तीही थांबली.

पान चांगलं होतं. वाक्यं आखूड. बाईंना स्वतःचं आश्चर्य वाटलं, एकेक पायरी हाताखालून जात होती. आवाजाची खिडकी उघडली. 'नवा आवाज जोडा' दाबलं. फाईल दाखवली. "आता यादीत तुमचा आवाज दिसेल," बाईंनी वाचलं. "तो निवडा."

यादीत तो बातम्यावाला एकटाच होता.

बाईंनी पान पुन्हा वाचलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. बातम्यावाला एकटाच.

"वहिनी, एकदा बंद करून चालू करा," बसड्रायव्हर म्हणाले. "बसचंही तसंच असतं."

"तुमची बस पाय मोडून पडली आहे," बाई म्हणाल्या. त्यांना घाम फुटला होता. कान तापले होते. तो आवाज इथेच कुठेतरी होता, या डब्यात, बोटाच्या अंतरावर, आणि आपल्याला तो काढता येत नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. हातातलं अडलं की त्या कधीच बघायच्या नाहीत. बघायची गरज नसायची. मशीनमध्ये दोरा उलटा गेला, टाका चुकला, तरी त्या नुसत्या थांबायच्या, समोरच्या भिंतीकडून एक खोकला यायचा, आणि त्या एक पाऊल मागे जाऊन बघायच्या. आत्ताही त्या तशाच थांबल्या होत्या. त्याचीच वाट बघत होत्या.

फस्स.

पण ती तर दिवसभर येत होती. त्यात काय कळणार?

बाईंनी मान वर केली. लिफ्टवाले त्यांच्याकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या छातीकडे बघत होते. छाती एकदा उचलली होती, ठरवून नव्हे, आपोआप, जशी आयुष्यभर उचलली जात होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. अडकलेल्या लिफ्टमधला माणूस दिवा गेल्यावर जसा होतो, तसे ते दिसत होते.

"इथे खोकलात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "इथे तुम्ही नेहमी खोकता. मशीनवरून तुमची छाती हललेली दिसायची मला. न्हाव्याच्या वेळी, पोस्टमनच्या वेळी. सगळ्यांच्या वेळी खोकलात तुम्ही."

लिफ्टवाल्यांनी डोळे मिटले.

पहिल्या खेपेला पास होणारी त्यांची ती सगळी पानं. ती पानं पास झालीच नव्हती. कोरा माणूस जिथे चुकला तिथे हे खाकरले, तो मागे फिरला, आणि पानातलं भोक तसंच राहिलं. लांब कुठेतरी एखाद्या घरात कुणीतरी त्या भोकात अडकून बसलं असेल, आणि तिथे खोकायला कुणी नसेल. हे बाईंना जसं दिसलं तसंच त्यांनाही दिसत होतं. बंद पापण्यांखालून एक थेंब ओघळला आणि गळ्याच्या पट्टीत मुरला.

मग त्यांनी उजवा हात मांडीखालून काढला आणि लॅपटॉपकडे नेला.

"हात खाली!" बाई म्हणाल्या.

सिस्टरने दचकून स्वतःचेच हात खाली घेतले.

"मला राखून ठेवलंत ना? मग खर्च करा नीट. हात खाली."

हात परत मांडीखाली गेला. बाईंनी पडद्याकडे बघितलं. तो बातम्यावाला यादीत एकटा, ऐटीत, पाय पसरून बसल्यासारखा. सुचत काहीच नव्हतं. राग मात्र येत होता, आणि बाईंचं निम्मं काम आजवर रागावरच झालेलं होतं.

"हा मेला आधी जाऊ दे इथून," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या नावापुढची बरोबरची खूण काढून त्याला बंद केलं.

यादी क्षणभर रिकामी झाली. मग तिच्यात एक नवी ओळ उमटली.

बाईंनी पानातलं पुढचं वाक्य वाचलं. "खालच्या चौकटीत काहीही लिहा आणि 'बोला' दाबा."

काहीही. बाई चौकटीकडे बघत राहिल्या. मग एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी लिहिलं, आणि 'बोला' दाबलं.

"माझं चुकलं," लिफ्टवाल्यांच्या आवाजात लॅपटॉप म्हणाला.

तोच आवाज. शेवटाला किंचित खाली बसणारा, सकाळी चहाच्या वेळेसारखा जाडसर. आख्ख्या संसारात जे ऐकलं नव्हतं ते बाईंनी ऐकलं, आणि ते स्वतःच लिहिलेलं होतं. त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. बसड्रायव्हर म्हणाले, "वहिनी, आमच्या घरच्यांना हे यंत्र दाखवू नका हं." लिफ्टवाले मान खाली घालून बसले होते. हात अजून मांड्यांखालीच होते.

"काढा आता," बाई म्हणाल्या. "झालं माझं."

लिफ्टवाल्यांनी लॅपटॉप ओढला आणि बराच वेळ टाईप केलं.

"अगं," यंत्र म्हणालं, आणि बाई त्या एका शब्दावर खाटेच्या कडेला खाली बसल्या. "तू लिहिलंस ते वाक्य खरंच माझं धर. आणि शनिवारवालीला फोन लाव. माझी सगळी पानं पुन्हा तपासायला हवीत."

"पहिलं बोलणं, आणि तेही पानांचं," बाई म्हणाल्या. पण फोन लावला.

शनिवारवालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं, वहिनी. त्यांचा खोकला भलत्याच जागी यायला लागला आणि बरोबर चाललेली कोरी माणसं मागे फिरायला लागली, तेव्हा कळलं. आधी त्यांचा गळा बघायचा होता, मग पानं. आम्ही हळूहळू सगळी परत चाळतोय. पुष्कळ झाली. हे एक तेवढं तुमच्यासाठी ठेवलंय म्हणाले, म्हणून कुणी शिवलं नाही."

"मग आता यात काय घालायचं?"

"ते मी कशी सांगू? अडकलात तुम्ही. जो अडकतो त्यानेच ती ओळ लिहायची, असं आहे आमच्यात."

बाईंनी ओळ लिहिली. कापडावर खडूने आखावी तशी, खोडून पुन्हा, खोडून पुन्हा. शेवटी एवढंच उरलं: आधीचा आवाज बंद करा. तो चालू असेपर्यंत नवा दिसत नाही. लिफ्टवाल्यांनी वाचलं. पाटीवर फक्त लिहिलं: आता घरात कोरं कुणी उरलं नाही.

घरी आल्यानंतरच्या एका शनिवारी ते पान पुन्हा तपासायला घेतलं. कोरी होती लांबच्या कुठल्याशा गावची एक बाई. तिच्या भावाचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं, आणि ती कामावरून दमून आल्यासारखी वाचत होती, मधली अक्षरं गिळत. त्या पानात आता शिवणबाईंची ओळ होती, त्यामुळे लिहिणारी म्हणून टेबलाशी त्याच बसल्या. हात मांड्यांखाली. खिडकीतलं मशीन बंद. शेजारच्या खुर्चीत लिफ्टवाले. त्यांना हात दाबून बसायचं काही कारण नव्हतं, तरी तेही तसेच बसले होते.

"आवाजाची खिडकी उघडली," लांबची बाई म्हणाली. "फाईल दाखवली. आता... आधीचा आवाज..."

आणि ती गप्प झाली.

खोलीत फक्त लिफ्टवाल्यांच्या गळ्यातल्या नळीचा श्वास ऐकू येत होता. शनिवारवालीही पलीकडे श्वास धरून असणार. बाईंना दिसत होतं, तिने कुठे बघायला हवं, काय काढायला हवं. अगदी कोपऱ्यात, डावीकडे. त्यांची बोटं मांडीखाली मुडपली. आणि मग त्यांच्या घशात, कुठूनसं, खवखव सुरू झाली. बारीकशी. एकदा खाकरलं की मोकळी होईल अशी.

लिफ्टवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ती खवखव कळली होती. जगात दुसऱ्या कुणाला कळली नसती.

बाईंनी ती गिळली.

"हं," बऱ्याच वेळाने लांबची बाई म्हणाली. "ही खूण काढायची होय? काढली. थांबा हं... आला. आला की हो, यादीत आला!"